देवांनी भरलेली शेड

ब्रिस्टल,
ऑक्टोबरअखेर

ती. श्रीनिवासकाकांस,
मिहीरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या चारच अंगं टेकतात, बाकीची आपण मानून घ्यावीत). आपली शुगर कशी आहे? काकूंनी गॅरेज आवरलं आणि दहा वर्षांनी आपली गाडी आत गेली, हे फोनवर ऐकून फार बरं वाटलं. कार्डिफच्या पावसात तिचे हाल होत होते.

आमचे हाल मात्र कोणाला सांगण्यासारखे नाहीत. मी इंजिनिअरची नोकरी सोडून खताचा धंदा काढला तेव्हा आपण एवढंच विचारलं होतंत, "पेन्शनचं काय?" तो प्रश्न मी रोज पहाटे चार वाजता स्वतःला विचारतो. योजना साधी होती. मराठी घरांतलं निर्माल्य आणि भाज्यांची सालं गोळा करायची, त्यांचं खत करायचं, निम्मं मोहल्ल्याच्या सामायिक बागेला फुकट द्यायचं आणि निम्मं विकायचं. बागेची कमिटी चालवणाऱ्या मिसेस प्रिचर्डनी कोपऱ्यातली जागा आणि एक शेड वर्षभर वापरायला दिली. गांडुळंही खूश होती.

मग गणपतीत मी मंडळाच्या स्टेजवरून जाहीर केलं, की जे टाकवत नाही ते मला द्या. (अनुयाने तेव्हाच कपाळाला हात लावला होता. बायकांना आधी कळतं.) पहिल्या आठवड्यात हार आणि दूर्वा आल्या. दुसऱ्या आठवड्यापासून जुनी कॅलेंडरं, काच फुटलेल्या तसबिरी, गणपती छापलेल्या लग्नपत्रिका, बंद पडलेलं बालाजीचं घड्याळ. या देशात आपल्या प्रत्येक घराच्या लॉफ्टमध्ये इतके देव अडकून पडलेत याची मला कल्पना नव्हती. बिनमध्ये टाकवत नाहीत आणि इथल्या नदीत सोडले तर दंड. अलकामावशींनी तर बारा वर्षांचा साठा आणला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "आता मी सुटले रे." त्यांना नाही कसं म्हणणार? मी हात जोडून सगळं घेतलं. शेडमध्ये आता अकरा खोकी आहेत आणि फावडं बाहेर पावसात आहे.

तरी हे निभलं असतं. पण मंगळवारी मिसेस प्रिचर्ड अचानक आल्या आणि त्यांनी ढिगात हात घातला. वर आलं ते आंब्याच्या पानांचं प्लास्टिकचं तोरण. सहा आठवडे मुरूनही तजेलदार. त्या ते बराच वेळ निरखत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मिहीर, धिस वन इज नॉट डाइंग."

शनिवारी अख्खी कमिटी येणार आहे. ढिगात आणखी एक प्लास्टिक सापडलं किंवा शेडमध्ये खताखेरीज काही दिसलं, तर जागा परत. जागा गेली की धंदा संपला. मला भीती वाटते, काका. पन्नाशीला आलो, पण इतकी भीती बारावीच्या निकालालाही वाटली नव्हती. ढीग माझा दोनदा उपसून झालाय, पण खोक्यांचं काय करू ते समजत नाही.

काकूंना नमस्कार.

आपला,
मिहीर

ता. क. : शुक्रवारी आपली गाडी घेऊन याल का? मागची सीट पाडली तर अकराही खोकी मावतात, मी मोजून पाहिलंय. आपल्या गॅरेजमध्ये ती राहतील. आपण वडीलधारे, आपल्याकडे देव गेले म्हणून कोणी रागावणार नाही.

ता. क. २ : आता लपवण्यात अर्थ नाही. अकरातली चार खोकी आपलीच आहेत. दसऱ्याला काकू सोनं द्यायला आल्या होत्या, तेव्हा घेऊन आल्या आणि "ह्यांना बोलू नकोस" म्हणाल्या. कृपया मी सांगितलं असं सांगू नये.

ता. क. ३ : त्या खोक्यांत बाबांच्या आणि आपल्या मुंजीची पत्रिका निघाली. दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत. कागद शुद्ध आहे, गांडुळं आठवड्यात फस्त करतील. पण ती मी घरी आणून लॉफ्टवर ठेवली आहे.