सोलापूर ते पर्थ, समुद्राखालून

५ जानेवारी, रविवार
आमच्या निवेदिताचा पर्थहून व्हिडिओ कॉल. तिच्या भल्यासाठी म्हणून विचारलं, लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा कधी हलणार? लगेच चित्र हँग. तोंड अर्धवट उघडं, डोळे स्थिर. मग कॉल कट. समुद्राखालची केबल कुचकामी आहे.
संकल्प: भारत ते ऑस्ट्रेलिया नवी केबल. प्लॅन मीच करणार. टेलिफोन खात्यात जन्म गेला. बिल सेक्शनला होतो हे खरं, पण केबल सेक्शन आणि आमच्यात एकच भिंत होती.

८ जानेवारी
जगाचा नकाशा आणला. कोकण ते पर्थ पट्टीनं रेघ मारली. श्रीलंका मध्ये आली. वळसा घेऊ. पद्मजाला दाखवलं. शेंगा सोलता सोलता हं म्हणाली. बायकोला खंडांचं काय.

१२ जानेवारी, रविवार
जावयाच्या पगाराबद्दल दोन शब्द बोललो, टकलाबद्दल एक. निवेदिता पुन्हा हँग. पण आज शोध लागला. ती गोठलेली, आणि तिच्या मागचा पंखा गरगर फिरत होता. म्हणजे केबलमधली पंख्याची तार शाबूत आहे, माणसाचीच तुटली. असं निदान तिकडं कुणाच्या बापाला जमेल?
पद्मजाशी तासतासभर बोलते, तेव्हा काही होत नाही. बायकांच्या आवाजाचा लोड कमी.

१७ जानेवारी
चाचणी. समुद्र नाही म्हणून सोसायटीच्या टाकीत वायर सोडली. नेमकं पाच दिवसांनी पाणी आलेलं. सेक्रेटरी चनमल्लप्पा गच्चीवर आला. म्हणाला, काका, प्यायच्या पाण्यात गंजकी वायर सोडताय व्हय, लेकरं पितेत की. अख्खी टाकी ओतून दिली. संध्याकाळी सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन माझ्या दारात. मोठ्या कामाला विरोध होतोच.

२६ जानेवारी, रविवार
पुतणीच्या जुळ्यांचं बारसं निवेदिताला सविस्तर सांगत होतो. हँग. इतक्यात तिच्या नाकावर माशी बसली. तिनं हातानं हाकलली. मग परत हँग झाली.
निदान होत नाही.

२७ जानेवारी
पद्मजाला माशीचं सांगितलं. ती म्हणाली, मीच शिकवलंय तिला. तुम्ही सुरू झालात की मी इतकी वर्षं तेच करते.
मला वाटायचं, लक्ष देऊन ऐकते.

२ फेब्रुवारी, रविवार
आज निवेदिताचा कॉल घेतला आणि मीच हललो नाही. म्हटलं बघू, बाबा बाबा म्हणून हाका मारते का. तिनं एकदा हॅलो म्हटलं. तिचा चेहरा जरा खुलला. कॉल कट करून तिनं पद्मजाला लावला.
पद्मजा स्वयंपाकघरात, हात कणकेत, म्हणून स्पीकर चालू. मला हॉलमध्ये सगळं ऐकू आलं. आई, चौथा लागला. डॉक्टर म्हणाल्या, या वेळी सगळं नीट आहे. बाबांना मात्र सांगू नकोस. मागच्या वेळी ते जे बोलले ना, ते अजून कानात आहे.
मी काय बोललो होतो ते आठवेना.
पद्मजा कणकेच्या हातांनी दारात आली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी तोंड अर्धवट उघडं ठेवून तसाच बसून राहिलो.
केबल चांगली आहे.