मासोळ्यांसाठी कणकेच्या गोळ्या

बनाअक्का,

तुले झोपेतून उठवलं नाही. मी सायकलनं मलकापूरले जातो, मुंबईच्या गाडीची तिकिटं काढाले. महाराष्ट्र झाला, मुंबई आपली झाली म्हणून आपण गावभर पेढे वाटले, पण घरातल्या एकानंही ती पाह्यली नाही.

दशम्या अन् लसणाची चटणी बांध. लेकरांचे जास्तीचे कपडे घे, समुद्र दिसला की ते कोणाचं ऐकणार नाहीत.

मासोळ्यांसाठी तू कणकेच्या गोळ्या करून ठेवल्या, त्या मी पाह्यल्या. अक्का, मत्स्यालयातल्या मासोळ्या काचेमागं राहतात, त्यायले काही चारता येत नाही. तरी डबा घे. समोरच समुद्र आहे, तिथं टाकू. लहानपणी नळगंगेवर तूच मले गोळ्या टाकाले शिकवलं होतं. माह्या तर अजूनही काठावरच पडतीन.

अन् म्हशीसाठी मी घरी राहते, हे आता सांगू नको. धार काढाले शेजारचा उकंडराव येते, कालच हो म्हणला. भाऊजी गेल्यावर पेटीच्या तळाशी घातलेलं निळं लुगडं आज काढ अन् उन्हात टाक.

खिडकीवर मी सगळ्यात पहिले तुहं तिकीट मागणार आहे.

माणिक