गार्डाच्या डब्यासह आगगाडीची व्यवस्था

ज्या दिवशी माझे वडील वारले त्या दिवसापासून जगदेव त्यांचा मुलगा आहे, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जगदेव आमच्या घरी दत्तक आला तो त्यानंतर दोन वर्षांनी. मग त्या दिवशी वडिलांच्या तोंडात पाणी घालणारी मी त्यांची कोण होते? मी बी.ए. झाले आहे, हिंदू कायद्याचे पुस्तक दोनदा वाचले आहे, तरी या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. जे लिहिता येते ते लिहिते.

मी, कस्तुरा नानाजी भोयर, वय चोवीस, धंदा शिक्षिका, राहणार कारंजा, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, शुद्धीवर असताना लिहीत आहे. मी आजारी नाही. मी रागावलेली आहे. पण रागावलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येत नाही असे पुस्तकात कोठे आढळले नाही. माझे काका दौलतराव म्हणाले, "चोवीस वर्साची पोरगी मृत्युपत्र लिवून राह्यली, लोकं हासतीन." हसू देत. माझे वडील काही न लिहिता गेले, त्याचे काय झाले ते मी पाहिले आहे.

कलम १. कारंजाचे घर आणि धनजचे शेत यांबद्दल मला काही लिहिण्याचा अधिकार नाही. दोन्ही जगदेवकडे गेली. तो काकांचा धाकटा मुलगा, वय बावीस. मी अमरावतीला परीक्षेचे पेपर तपासायला गेले असताना आईने दत्तकपत्रावर अंगठा दिला. परत आल्यावर विचारले तेव्हा ती म्हणाली, "तू उद्या सासरी जाशीन. मले पाणी कोन पाजीन?" मी सासरी गेलेली नाही. आईला पाणी रोज मीच देते.

कलम २. दत्तकविधानाच्या दिवशी काकांनी मला एक जांभळे लुगडे दिले. त्याची घडी मी मोडलेली नाही. ते काकांना परत द्यावे आणि देताना चार माणसे हजर असावीत.

कलम ३. माझी पुस्तके मुलींच्या शाळेला. व्याकरणाच्या पुस्तकात मी समासात बरेच खरडले आहे, ते खोडू नये. माझे पोस्टातील पैसे आईला, आणि आईलाच; तिच्या वतीने कोणी पुरुषाने सही करून काढू नयेत.

कलम ४. आता आगगाडीबद्दल. हे कलम लांब आहे, आणि त्यासाठीच हा कागद आहे.

माझे वडील मूर्तिजापूर–यवतमाळ लहान गाडीवर गार्ड होते. सुटीच्या दिवसांत त्यांनी घरात एक आगगाडी केली. इंजिन जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगवर चालणारे, मालाच्या वाघिणी रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्याच्या, रूळ लोखंडी पट्टीचे. रूळ मधल्या खोलीतून निघतात, भिंतीला पाडलेल्या भोकातून स्वयंपाकघरात शिरतात, चुलीमागून वळून दुसऱ्या भोकाने परत येतात. दर खंडेनवमीला लोक आपापली हत्यारे पुजतात. वडील ही गाडी, शिट्टी आणि दोन झेंड्या पुजत आणि पूजेनंतर आळीतल्या सगळ्यांसमोर गाडी सोडत. गाडीला गार्डाचा डबा नव्हता. मी विचारले तर म्हणत, "गार्ड मी हावो ना इथं. डबा कायले पायजे?" आणि हिरवी झेंडी घेऊन गाडीमागून स्वतः चालत.

ते गेल्यावर गाडीमागे कोणी राहिले नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी गार्डाचा डबा केला. पत्र्याचे काम करणारे बदरुद्दीनचाचा यांनी मला डाख लावायला शिकवले. पहिले तीन डबे वाकडे झाले, चाचा म्हणाले, "बेटी, ये डब्बा नहीं, समोसा है." चौथा जमला. दोन्ही टोकांना गार्डाने उभे राहण्याचा सज्जा आहे. मागे दिव्याच्या जागी माझ्या लाल बांगडीचा तुकडा बसवला आहे. तो शोभेसाठी नाही. गाडी स्टेशनात आली की मास्तर आधी शेवटच्या डब्याचा लाल दिवा पाहतो. दिवा दिसला तर गाडी पूर्ण आली. नाही दिसला तर काही डबे मागे राहिले, आणि मागची गाडी सोडायची नाही. हे गार्डाच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असते.

यंदाच्या नवमीला पूजा काकांनी केली. जगदेव गाडीचा मालक म्हणून पाटावर बसला. गाडी विकत मागणारे एक जिनवाले शेठजी मुद्दाम बोलावले होते. काकांनी माझा डबा उचलून कोनाड्यात ठेवला. बाईच्या हातचे काम हत्यारांच्या पूजेत चालत नाही, असे म्हणाले. मी म्हणाले, मग गाडी सोडू नका. कोणी ऐकले नाही. शेठजींना शोभा दिसावी म्हणून वाघिणींत सरकीसकट खरा कापूस भरला होता. जगदेवने चावी पूर्ण दिली. सहा वाघिणी भिंतीत गेल्या, चार बाहेर आल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हणाले, "काका, गाडी पुरी नाई आली."

"आली ना, बाई. दिसून राह्यली ना डोयानं," काका म्हणाले, आणि शेठजींकडे वळले.

डबा जोडलेला असता तर तो आला नाही हे आंधळ्यालाही कळले असते. दोन वाघिणी पेटत्या चुलीमागे सुटून पडल्या होत्या. कापसाने पेट घेतला, शेजारच्या सरपणाच्या काड्यांनीही. आईने कणीक भिजवायचे पाणी ओतले, मग नुसत्या हातांनी जळत्या काड्या ओढल्या. तिच्या उजव्या हाताची तीन बोटे भाजली. धूर मधल्या खोलीत आला तेव्हा कोठे टाळ्या थांबल्या.

आई सांडशीत काळी पडलेली वाघीण धरून बाहेर आली आणि ती तिने काकांच्या पाटासमोर ठेवली. माझी आई दिरासमोर कधी बोललेली नव्हती. ती म्हणाली, "भाऊजी, दत्तकाच्या कागदात तुमीच लिवलं का सैपाकघर अन् त्याच्यातलं सामान माह्यं. चूल माही, जातं माह्यं. माह्या चुलीमागून जाते ते गाडीबी माहीच."

"अवो वयनी, ते फक्त तुमच्या हयातीपावतर हाय."

"मंग मी जित्ती हावो ना अजून."

शेठजी प्रसाद न घेता गेले.

हयातीपुरता ताबा म्हणजे देऊन टाकण्याचा हक्क नव्हे, असे वकिलांचे मत आहे. आईनंतर जगदेव दावा लावू शकेल. जगदेव वाईट नाही. त्यालाही कोणी न विचारता एका घरातून उचलून दुसऱ्यात ठेवले. पण त्याने गाडीला हात लावायचा असेल तर आधी तिचा शेवटचा डबा का असतो ते शिकावे. काकांनी ते शिकण्याची आशा मी ठेवत नाही. कोनाड्यात ठेवलेला डबा त्यांना दिसत होता, आणि भाजलेली बोटेही दिसतात, तरी "पोरीनं अपशकुन केला" असे ते आजही सांगत फिरतात. हे मी विसरणार नाही आणि माझ्या मरणानंतरही कोणी विसरू नये, म्हणून येथे लिहिले.

गार्डाचा डबा निर्विवाद माझा आहे. तो मी मुलींच्या शाळेला देते, या अटीवर की तो नेहमी गाडीच्या शेवटी जोडलेला राहील आणि कोणाच्याही पूजेसाठी, पाहुण्यासाठी किंवा मतासाठी काढला जाणार नाही.

कलम ५. बदरुद्दीनचाचांना मी काही ठेवत नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला दिलेले कायद्याने रद्द होते. मी असे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अच्छा है, दुकान में जगह भी नहीं."

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या मुख्याध्यापिका ललिताबाई यांनी करावी.

कलम ७. वरील सर्व माझ्या मरणानंतर लागू होईल. उरलेल्या गाडीसाठी मात्र मी कोणाच्या मरणाची वाट पाहिलेली नाही, स्वतःच्या नाही आणि आईच्या तर नाहीच. परवा, सोमवारी, भर दुपारी, आईच्या देखत मी रूळ उखडले, भिंतीतली दोन्ही भोके मातीने लिंपली, आणि इंजिन, वाघिणी, रूळ सर्व गेटमन फुलसिंग यांच्या बैलगाडीतून शाळेत नेले. आई पुढे बसली होती. काल चौथीच्या मुलींनी रूळ मांडले. काकांना दावा लावायचा असेल तर पत्ता शाळेचा घालावा. आई आणि मी आता तेथेच मागच्या खोलीत राहतो.

सही: कस्तुरा नानाजी भोयर

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली:
१. बदरुद्दीन, पत्र्याचे काम, कारंजा (सही उर्दूत)
२. फुलसिंग, गेटमन, कारंजा (डाव्या अंगठ्याची निशाणी)

मुक्काम कारंजा, बुधवार, ता. १२ नोव्हेंबर १९४१