पुढच्या पायांचं रेशीम

३ तारीख
पोचलो एकदाचा! ही पाचवी नोकरी. ताई म्हणते, माझ्या पायाला भिंगरी आहे. असू दे. पण वीस तारखेच्या आत परत येईन, असा शब्द दिलाय तिला. तिचं बाळंतपण आहे आणि घरात दुसरं कुणी नाही. काम सोपं आहे. बागेतल्या झाडांच्या खोडांवर पांढरी जाळी धरते, ती खरवडायची. खोली स्वच्छ आहे, खिडकी बागेकडे.

६ तारीख
मुकादमांनी जाळीतला किडा दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा, तपकिरी. रेशीम तोंडातून नाही, पुढच्या पायांतून काढतो! सालीवर बोगदे विणतो आणि आतच संसार करतो. आई अंड्यांवर पहारा देते. डिवचलं की तोंड न फिरवता उलटा पळतो. मुकादम म्हणाले, हातमोजे घाला पाहुणे, नाहीतर इथेच घरजावई व्हाल. सगळे गडी खदखदून हसले. मोज्यांत हात घामेजतात. मी नाही घातले.

९ तारीख
तळवे खाजतात. खाजवलं तर पांढरा धागा निघाला. ओढला, संपेचना. मुकादमांनी हात बघितले आणि या खेपेला हसले नाहीत. आधीचा माणूसही मोजे घालत नव्हता म्हणे. तो कुठे गेला, विचारलं. म्हणाले, जातोय कुठे, आहे की शेवटच्या रांगेत.

१२ तारीख
भर दुपारी शेवटच्या रांगेत गेलो. दोन खोडांच्या मध्ये माणूस मावेल एवढा बोगदा. आत शर्टाची बाही. मी हाक मारली, तर तो सरसर उलटा आत गेला. तोंड माझ्याकडेच. बॅग भरली. उद्या सकाळीच निघतो.

१३ तारीख
सकाळी दार जाळीने बंद. बाहेरून नाही, आतून. माझेच हात! विळ्याने कापलं, तर हात मागोमाग परत विणत गेले. तोवर खिडकी विणून झाली होती. जेवण नको वाटतं. सालीचा वास गोड येतो. थू! घरजावई होणार नाही म्हणजे नाही.

१४ तारीख
डावा हात पट्ट्याने कमरेला बांधलाय. उजवा लिहीत असला की विणत नाही. मग लिहिणार! बस लिहीतच—
दाराकडे दहा पावलं चाललो. दार लांब गेलं.
पाय उलटेच पडतात. बरं. उलटं तर उलटं! दाराकडे पाठ केली. वही छातीशी, लिहीत लिहीत—
पाठीला दार लागलं. जाळी फाटली. ऊन!
मुकादम ओरडतायत, थांबा पाहुणे. थांबतो कशाला—
बागेचं फाटक पाठीमागे आहे, दिसत नाही. आलंच असेल. ताई, येतोय. हात थांबू देत नाही. येतोय येतोय येतोय. पेन्सिलीचं टोक मोड