लाल पेटीत निघालेले सरबत

आदरणीय दाजी,

सविनय नमस्कार. फ्योर्डच्या खाडीअलीकडे आम्ही सुखरूप आहोत. पलीकडे आपली व ताईची प्रकृती, विशेषतः पोट, उत्तम असेल अशी आशा बाळगतो.

आमची नात रागना या उन्हाळ्यात होडी वल्हवणे शिकावयास येणार आहे. परंतु होडीच्या खोपीतले विषारी सामान हलेपर्यंत पोरीने तेथे पाऊल ठेवावयाचे नाही, असा आमच्या सौ. गुन्वोरचा हुकूम सुटला. अशा कचऱ्यासाठी नगरपालिकेने घरोघरी लाल पेटी दिलेली आहेच. (आमच्या पेटीत आजवर लोकरीचे मोजे नांदत होते.) मी खोप उपसली. टर्पेंटाइन, जळके इंजिनतेल, लाकडाला लावावयाचे तपकिरी तेल. आणि डबे तर असे गंजलेले, की परक्यापुढे धरण्याची लाज वाटावी! आपण शेजाऱ्याची बरणीसुद्धा घासूनपुसून परत करणारी माणसे. म्हणून मी सर्व द्रव गाळून गुन्वोरच्या सरबताच्या स्वच्छ बाटल्यांत भरले व तळघरात तिच्या ब्लूबेरीच्या सरबताशेजारी ओळीने मांडले. डबे भंगारात दिले.

बाटल्या लाल पेटीत घालून गुन्वोरसह गाडीने संकलन केंद्रावर गेलो, तेव्हा तेथील सिनोव्हबाईंनी विचारले, “आजोबा, यात काय आहे?”

“डब्यात होते तेच.”

“आणि डब्यात काय होतं?”

हे डब्यावर लिहिलेले होते, असे मी ताठ मानेने सांगितले. बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो आजोबा, डबा मळका चालतो, पण त्यावरचं नाव लागतं! दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही, एकात एक मिसळायचं नाही!” मग हातमोजे चढवून त्यांनी एक बूच काढले, तो ब्लूबेरीचा घमघमाट.

“जत्रेत पहिलं आलेलं माझं सरबत विषात घालायला निघालात?” गुन्वोर गाडीतूनच कडाडली.

असो. बाईंनी उरलेल्या बाटल्यांवर ‘अज्ञात द्रव’ अशा चिठ्ठ्या लावून त्या ठेवून घेतल्या. खोपीची जमीन मला कित्येक वर्षांनी दिसली, आणि तीवर रागनाची छोटी वल्ही वाट पाहत उभी आहेत.

आपला मेहुणा,
आस्लाक

ता.क. तळघरातील प्रत्येक बाटली तपासली. तपकिरी तेल केंद्रावरच्या बाटल्यांतही नव्हते, येथेही कोठेच नाही. सबब, रविवारी आपणांस भेट पाठविलेली सरबताची बाटली कृपया उघडू नये. आपण फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र बोटीच्या कप्तानाहाती देत आहे. आपले वाचून होईपर्यंत तो दारातून हलणार नाही. बाटली मोरीत न ओतता उभी धरून आणावी. लाल पेटीत जागा राखली आहे.

दुसरे ता.क. येताना आपली खोपही उपसून आणावी. नाताळात आपण पाठविलेल्या सरबताने आमच्या टेबलाचा रंग निघाला होता. पाहुण्यांच्या भेटीस नाव ठेवू नये, म्हणून तेव्हा बोललो नाही.