भरल्या उंटाची वाट

कफ्र शलबी, गीझा
४ फेब्रुवारी १९७९

ती. रतीबाआत्यास,
वजीहचा शि. सलाम वि. वि.

मी कॉलेज सोडल्याचं बाबांनी तुला शिव्यांसकट कळवलं असेलच. दीड वर्ष हिशेब शिकलो, पण समोरच्या हाजी दसूकींची मुलगी बदरिया खिडकीत येते ती नेमकी आमच्या तासाला. मग काय करणार?

मागणी घालायला गेलो. दसूकी म्हणाले, आधी घर दाखव, मग मुलगी बघ. मी म्हणालो, मुलगी बघून झालीय. बाबांनी खालून लाथ घातली.

आता बरसीमच्या चाऱ्याची शेतं कुठली, आत्या! जिकडे तिकडे लाल विटा. तुझ्या वाट्याची पट्टी तेवढी हिरवी उरलीय, तीही दसूकींच्या दारासमोर. मधला पाण्याचा पाट बुजवून गल्ली केलीय. ती पट्टी मला देशील? नाहीतर मी जन्मभर त्या गवतात उभा राहीन, म्हशीसारखा.

पाट आटला, तुझी माया आटू नये.
तुझा वजीह


फय्यूम
१७ फेब्रुवारी १९७९

चि. वजीहास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घे पट्टी. त्याच पाटात पाय सोडून मी ऊस खात बसले असताना तुझ्या आतोबांनी मला पहिल्यांदा पाहिलं. तोंड उसानं भरलेलं होतं, तरी लग्न झालं. म्हणून तुला नाही म्हणवत नाही.

अट एकच. तुझे आजोबा पाटाकडेनं बरसीम लादलेला उंट वळेल एवढी वाट सोडायचे. तूही सोड. उंट कुठे राहिलेत, असं मला शिकवू नकोस.

डोकं थंड ठेवावं, पत्र गरम पाठवलंस तरी चालेल.
तुझी आत्या


कफ्र शलबी
९ ऑगस्ट १९७९

ती. आत्यास,
शि. सलाम वि. वि.

मी गाढव आहे. हे वाचून तू मान डोलावशील, पण पुढे वाच.

घराचे खांब मी हद्दीवरच उभे केले. भिंत मात्र खांबांच्या पुढे हातभर घेतली. खिडकी बदरियाच्या खिडकीजवळ यावी, एवढाच हेतू. आलीही! ती हात लांबवून खिरीची बशी देते, मी चाटून परत करतो. मला वाटलं, एवढं शहाणपण घराण्यात कुणी केलं नसेल.

काल नवरीचं सामान आलं. घर समोरच, तरी मुख्य रस्त्यावरच्या तिच्या मामांकडून ढोल वाजवत, गावभर मिरवत आणलं. तीन दारांचं कपाट गल्लीत शिरलं, पण माझ्या दाराशी वळेना. उभं केलं, आडवं केलं, चौघांनी अल्लाचं नाव घेतलं. खिडकीतून घ्यावं तर तिला लोखंडी गज, तेही मीच बसवलेले. बायका आनंदाचे चीत्कार करायच्या थांबल्या, हसायला लागल्या. मी तापलो. सासऱ्यांना म्हणालो, तुमची भिंत मागे घ्या. ते कपाटाला टेकून म्हणाले, नवरीचं सामान दारातून परत गेलं की नवरीही परत जाते.

कपाट गल्लीतच आहे. त्यावर कोंबड्या बसल्यात. काय करू?

रागव, पण उत्तर दे.
वजीह


फय्यूम
१३ ऑगस्ट १९७९

चि. वजीहास,
आशीर्वाद.

उंट वळला नाही ना?

भिंत तुझी, हातोडा तुझा. आधी दसूकींच्या हाताचं चुंबन घे, मग हातोडा उचल. उलटं केलंस तर त्यांना वाटेल मारायला आलास.

लग्नाला येतेच आहे.
आत्या


कफ्र शलबी
१९ ऑगस्ट १९७९

ती. आत्यास,
शि. सलाम वि. वि.

तू सांगितलंस त्याच क्रमानं केलं. दसूकींनी हात पुढे केला, पण तोंड फिरवलं. मी भिंत पाडू लागलो. विटांची थप्पी लागल्यावर ते आले आणि म्हणाले, हातोडा असा धरतात होय? कॉलेजात हेही शिकवलं नाही? आणि स्वतःच पाडू लागले. कोंबड्या हाकलल्या, कपाट सरळ आत गेलं. नवी भिंत खांबांच्या रांगेत चढतेय. खोलीत आता पलंग किंवा मी, एकच मावतो.

खिडकी लांब गेली. काल बदरियानं बशी पुढे केली, माझ्या हाती लागेना, खीर गल्लीत सांडली. मांजरानं खाल्ली. पण मी तापलो नाही, आत्या. शुक्रवारी लग्न झालं की ती बशी घेऊन माझ्याच घरात यायची आहे.

येताना त्याच वाटेनं ये. आता उंटावरून आलीस तरी वळशील.
तुझाच वजीह