कलणाऱ्या बाकाची तपासणी

३ मार्च, सोमवार
आजपासून कोपऱ्यावरच्या दवाखान्याची गुप्त तपासणी सुरू. कोणी सांगितलेलं नाही. सांगायला लागतं कशाला? उभा जन्म लिफ्ट-इन्स्पेक्टर म्हणून काढला. माझ्या सहीशिवाय एकही लिफ्ट हलली नाही. माणूस रिटायर होतो, नजर थोडीच होते! ही असती तर म्हणाली असती, झालं का तुमचं सुरू.
वेषांतर: पेशंट. तक्रार: डावा गुडघा. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, आज काय दुखतंय काका? 'आज'वर जरा जोर होता. दुर्लक्ष केलं.

४ मार्च, मंगळवार
आग विझवायचा सिलिंडर आहे, पण त्याला कंपाउंडरची छत्री टांगलेली. हात धुवायचा साबण सुकून खडा झालाय. सगळ्यात गंभीर म्हणजे वेटिंगमधला बाक. त्याचे पाय पार आतल्या बाजूला ठोकलेत. एका टोकाचा माणूस उठला की दुसऱ्या टोकाच्याची घसरगुंडी. माझ्या दुसऱ्या टोकाला एक बाई होत्या. रोज पायाची पट्टी बदलायला येतात, सतत विणत असतात. त्या उठल्या आणि मी सरळ फरशीवर. बाई खूप हसल्या. मीही हसलो. वेषांतर टिकवायला हसावं लागतं.
उद्यापासून भिंतीकडच्या खुर्चीवर बसायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

७ मार्च, शुक्रवार
खुर्ची रिकामी होती. पण बाकाचा अभ्यास अजून अपुरा आहे, म्हणून बाकावरच बसलो. विणणाऱ्या बाई आता उठण्याआधी 'उठतेय हं' म्हणतात, मग मी मधे सरकतो. चांगली सेफ्टी सिस्टिम बसली आहे. जावयाच्या स्वेटरची बाही लांब झालीय का, असं त्यांनी माझं मत विचारलं. दिलं. अर्धा तास दिलं. नाव मात्र विचारलं नाही. इन्स्पेक्टरने ओळखी वाढवायच्या नसतात.
डॉक्टरीणबाईंनी गुडघा तपासला. चुकून उजवा दाखवला गेला. म्हणाल्या, काका, तुम्ही ठणठणीत आहात, रोज यायची काही गरज नाही. निदान फार घाईने करतात. हाही एक दोषच.

९ मार्च, रविवार
दवाखाना बंद. म्हणून घराची तपासणी केली. दोष नाही. एक कप, एक ताट, त्यात दोष तो काय निघणार?
मुलाचा फोन आला. बाबा, कसे आहात? म्हटलं, श्वास घ्यायला फुरसत नाही रे. म्हणाला, मग ठेवतो, नंतर बोलू. ठेवलासुद्धा. बरंच झालं, मला रिपोर्टचा विचार करायचा होता.
दुपारी दवाखान्यावरून एक चक्कर मारली. कुलूप व्यवस्थित आहे.

१२ मार्च, बुधवार
डॉक्टरीणबाईंना तोंडी रिपोर्ट दिला. आपण कोण, हेही सांगून टाकलं. कंपाउंडर म्हणतो, साहेब, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. उगाच बढाया!
बाक हटवा, म्हटलं. फोनवर वेळ देत जा, गर्दी नको. ज्याला काही झालेलं नाही त्याला इथे बसूच देऊ नका, नसता आजार चिकटायचा. आणि पेशंटचं नावगाव कोणालाही सांगायचं नाही, कोणी कितीही ओळखीचा असो. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, काका, अगदी बरोबर आहे, हे आमच्याच लक्षात यायला हवं होतं.
काय सांगू! घरी येऊन हिच्या फोटोला सगळं पहिल्यापासून ऐकवलं. आता अंमलबजावणीत लुडबूड नको, म्हणून काही दिवस तिकडे फिरकायचं नाही.

१७ मार्च, सोमवार
सगळ्या सूचना अमलात! साबण नवा. सिलिंडरवर छत्री नाही. बाक नाही. माणसंही नाहीत. ठरल्या वेळी येतात, लगेच जातात.
काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, काका, वेळ घेतलीय का? म्हटलं, नाही. मग काय होतंय? गुडघासुद्धा आठवला नाही.
त्याच मग म्हणाल्या, विणणाऱ्या बाईंचा पाय बरा झाला, शनिवारी शेवटची पट्टी होती. विचारत होत्या, बाकावरचे साहेब दिसत नाहीत ते? मी घाईघाईने त्यांचं नाव विचारलं. राहतात कुठे, तेही विचारलं. बाई ओशाळल्या. म्हणाल्या, काका, तुम्हीच सांगितलंत ना, कोणाला सांगायचं नाही म्हणून.
नियम म्हणजे नियम. शाब्बास, म्हटलं, आणि बाहेर आलो. रस्त्यात फार एकटं वाटलं. हे इथे लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण?

१८ मार्च, मंगळवार
बाक दवाखान्यामागे टाकून दिला होता, भंगारात जाणार होता. मी मागितल्यावर कंपाउंडरने हातगाडीवर घालून घरी आणून दिला. पाणी पिऊन जा म्हटलं, पण त्याला घाई होती. बाक खिडकीपाशी ठेवला.
तपासणी केली. टोकाला बसलं तर कलतो. मधोमध बसलं तर अजिबात नाही. 'उठतेय हं' म्हणायला कोणी लागत नाही. एकट्या माणसाला पूर्ण सुरक्षित. पास.